कुठलं बिस्त्रित्सा

पोस्टमन धोंडीनं तो जाडसर लिफाफा पुढं केला तेव्हा बुधाजीला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचं पत्र आपल्या दारात आलं. लिफाफ्यावरचं अक्षर त्याचंच होतं. नऊ महिन्यांपूर्वी त्यानंच कर्जतच्या पोस्टात उभं राहून, जीभ कोरडी पडेपर्यंत तिकिटं ओली करून ती त्याच्यावर चिकटवली होती. पण आता त्या तिकिटांवर, पत्त्यावर, मागच्या बाजूला इतके शिक्के उमटले होते, आणि एका कडेला अशी पिवळी चिकटपट्टी लावलेली होती, की आपलं अक्षर त्याला परक्याचं वाटलं. "परत आलं बगा, ठोंबरेशेठ," धोंडी सायकलवरून न उतरताच म्हणाला. "लई मोठी फेरी मारून आलं. रुमानिया म्हंजे कुठं आलं वो?" बुधाजीनं उगाच हात लांब करून पश्चिमेकडं दाखवलं. "तिकडं. रशियाच्या अलीकडं." "मग पत्ता अपुरा पडला आसंल," धोंडी म्हणाला, आणि उतारावर सायकल सोडून निघून गेला. १९८३ सालचा जानेवारी होता, शनिवारची दुपार होती. आतून जिजानं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "कोन व्हतं?" तो म्हणाला, "कोन नाय, धोंडी." आणि लिफाफा त्यानं सदऱ्याच्या आत पोटाशी सारला. बायकोपासून लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं असं नाही. जे होतं, ते तेरा वर्षं लपवून इतकं अंगवळणी पडलं होतं की हात आपसूक तिकडं गेला.

चिकटपट्टीचा अर्थ त्याला संध्याकाळी कळला. ती त्यानं लावलेली नव्हती. म्हणजे पत्र कुणीतरी उघडलं होतं, वाचलं होतं आणि पुन्हा बंद केलं होतं. शब्दकोश पुढ्यात घेऊन, तीन आठवडे रोज थोडं थोडं करून त्यानं लिहिलेलं ते इंग्रजी, कुण्या अनोळखी माणसानं कुठल्यातरी थंड कचेरीत बसून वाचलं होतं. बुधाजीला आश्चर्य वाटलं ते या गोष्टीचं, की आपल्याला लाज वाटत नाही. उलट एका माणसाला तरी कळलं, आणि तो माणूस आपल्याला कधीच भेटणार नाही, याचं त्याला बरंच वाटलं. पत्त्यात फक्त तीन शब्द होते. इलिये मुन्तेआनु, बिस्त्रित्सा. त्याखाली देशाचं नाव. तो पत्ता त्या माणसानंच एकदा त्याच्या मापं टिपायच्या वहीत पेन्सिलीनं लिहून दिला होता. आता त्याच्या खाली, दुसऱ्याच कुणीतरी पेन्सिलीनं, बारीक, नेटक्या अक्षरात तोच एक शब्द पाच वेळा एकाखाली एक लिहिला होता. बिस्त्रित्सा, बिस्त्रित्सा. प्रत्येकापुढं एक वेगळा शब्द, आणि प्रत्येक शब्दापुढं प्रश्नचिन्ह.

बिस्त्रित्सा हा शब्द बुधाजीनं पहिल्यांदा ऐकला तो पाताळगंगेच्या काठावर. एकोणसत्तर साली कुंभिवलीजवळ हायवेला लागून कारखाना उभा राहत होता. यंत्रं रुमानियाहून आली होती, आणि ती बसवून द्यायला त्यांच्याबरोबर तिकडची चार माणसं. त्यातला एक इलिये. चाळिशीचा, रुंद हाडाचा, भुवया जवळजवळ पांढऱ्या. कामगारांना ते नाव जमेना, म्हणून त्यांनी त्याचं विलास करून टाकलं, आणि तोही पंधरा दिवसांत विलास म्हटलं की वळून पाहायला लागला. बुधाजी तेव्हा तीस वर्षांचा होता, पोशीरहून येऊन-जाऊन काम करायचा आणि खलाशांच्या टोळीचा मुकादम होता. समुद्राशी काडीचा संबंध नसताना, जड यंत्रं दोरखंडानं उचलणाऱ्या, सरकवणाऱ्या माणसांना कारखान्यात खलाशी का म्हणतात हे त्याला कधी कळलं नाही. पण इलियेला ते खुणांनी सांगितल्यावर तो इतका हसला होता की डोळ्यांत पाणी आलं. त्याला मराठी तीनच शब्द यायचे. हळू, थांब आणि चहा. बाकी सगळं हातानं. आणि चौथा हा त्याचा स्वतःचा शब्द. जेवणाच्या सुट्टीत नदीवर गेलं की तो पाण्याकडं बोट दाखवून म्हणायचा, बिस्त्रित्सा. खालापूरच्या बाजारात नेलं, तर घरांकडं, दुकानांकडं पाहून तेच. एकदा देवळासमोरून जाताना त्यानं डोक्यावरची टोपी काढली, शिखराकडं मान वर केली आणि तोच शब्द पुटपुटला. टोळीतले लोक म्हणायचे, सायबाला तिकडं एवढंच शिकवलंय. बुधाजीनं आपल्यापुरता अर्थ लावला होता की त्यांच्या भाषेत चांगल्याला बिस्त्रित्सा म्हणत असावेत. पुढं पुढं जिजानं केलेली तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ डब्यातून त्याला देताना बुधाजीच विचारायचा, "बिस्त्रित्सा?" आणि तो माणूस खाता खाता थांबून त्याच्याकडं जरा विचित्र नजरेनं बघायचा. मग मान हलवायचा. हो म्हणून, की नाही म्हणून, ते ओळखू यायचं नाही.

सत्तरच्या फेब्रुवारीत जे घडलं ते बुधाजीनं इतक्या वेळा सांगितलं होतं की खरं काय घडलं ते आठवायला त्याला आधी सांगितलेलं बाजूला करावं लागे. सहा टनांचा गिअरबॉक्स चौथऱ्यावर चढवायचा होता. वर चेनपुली, तिच्या हुकाला वायरचे दोन फास, आणि ते फास जिथं एकत्र येतात तिथं लोखंडी शॅकल. शॅकलची पिन आट्यांची असते. आधी ती हातानं फिरवून बसवायची आणि मग पान्यानं घट्ट आवळायची. बुधाजीनं ती हातानं दोन आटे फिरवली आणि चहाचा भोंगा झाला. पाना खाली, पेटीत होता. चहा पिऊन आल्यावर आवळू, असं त्याच्या मनात आलं. ते मनात आल्याचं त्याला स्वच्छ आठवत होतं, चहात आलं जास्त झालं होतं हेसुद्धा आठवत होतं, आणि परत आल्यावर आपण वर का चढलो नाही हे मात्र काही केल्या आठवत नव्हतं. इलियेनं चारही बाजूंनी फिरून बघितलं, बुधाजीकडं पाहून भुवया वर केल्या. सगळं ठीक? बुधाजीनं अंगठा दाखवला. मग त्यानं उचला म्हणून हात वर केला. साखळी ओढली गेली, गिअरबॉक्स हातभर उचलला गेला, आणि लडकू नावाचा, डोंगरातल्या आदिवासी वाडीवरचा गडी खाली लाकडी ओंडके सरकवायला वाकला. आवाज फार मोठा झाला नाही. पोतं पडावं तसा झाला. लडकूचा डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत गिअरबॉक्सखाली गेला होता. तो ओरडला नाही. वर बघत राहिला.

लडकूचा पाय दवाखान्यात कापावा लागला, आणि चौकशी दोन दिवसांत उरकली. कागद आधीच टाईप होऊन आला होता, बुधाजीला फक्त सही करायची होती. विदेशी तंत्रज्ञाने भार सुरक्षित नसताना उचलण्याचा इशारा दिला. मजूर लडकू हा मद्याच्या अमलाखाली भाराखाली शिरला. दोन वाक्यं. कचेरीतल्या साहेबांचा आवाज चढलेला नव्हता, ते उलट समजावून सांगत होते. "हे बघ, तू अजून कायम झालेला नाहीस. घरी बायको आहे. हा माणूस काय, आज ना उद्या त्याच्या देशात जाणारच आहे." बुधाजीनं तीन ठिकाणी सही केली. आठव्या दिवशी इलिये गेला. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेला होता. बुधाजी फाटकापाशी इतरांच्या मागं उभा होता, तरी त्या माणसानं त्याला हुडकून काढलं, आणि काचेतून बाहेर हात काढून अंगठा नि दोन बोटं एकत्र करून हवेत फिरवली. एकदा. मग पुन्हा एकदा. जीप हायवेला लागली. टोळीतला कुणीतरी म्हणाला, त्यांच्याकडं असाच रामराम करतात. बुधाजीनं ते उचललं, आणि पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं की हो, त्यांच्याकडं असाच करतात. पण पिन फिरवताना बोटं नेमकी कशी धरतात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

त्यानंतर तो कायम झाला, फिटर झाला, सुपरवायझर झाला, पोशीर सोडून कर्जतला भिसेगावात दोन खोल्यांत राहायला आला. कारखान्यात दर मार्चला सुरक्षा सप्ताह होई, आणि जुना जाणकार माणूस म्हणून नव्या कामगारांपुढं दोन शब्द बोलायला दरवर्षी बुधाजीलाच उभं करत. तो सत्तर सालचा अपघात सांगे. गोष्ट छान बसली होती. परदेशी साहेबाची घाई, चुकीचा इशारा, आणि "खालचा गडी तर सकाळीच टाकून आलेला," इथं लोक हसत. मग बुधाजी एक बोट वर करून म्हणे, म्हणून सांगतो, इशारा देणाऱ्याकडं नाही, शॅकलकडं बघा. हे शेवटचं वाक्य बोलताना आपल्याला काहीही होत नाही, याची त्याला मधूनमधून गंमत वाटे. ब्याऐंशीच्या मार्चमध्ये मात्र बोलणं संपल्यावर मागच्या रांगेतून एका वेल्डरनं सहज विचारलं, "मग त्या सायबाचं काय झालं वो पुढं?" एवढंच. बुधाजी म्हणाला, गेला त्याच्या गावाला. आणि म्हणता म्हणता त्याच्या ध्यानात आलं की बारा वर्षं तो या माणसाला एका गावात राहताना बघत आलाय. खरंच बघत आलाय. एक नदी, काठावर दगडी घरं, देऊळ असावं तसं काहीतरी, आणि त्या सगळ्यातून पांढऱ्या भुवयांचा इलिये दोन्ही हात खिशात घालून चालतोय. असं ठसठशीत गाव आपण कधी रचलं ते त्याला कळेना. त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात त्यानं बाजारातून शब्दकोश आणला. जिजा म्हणाली, "आता या वयात परीक्षा देता का काय?" तो म्हणाला, एका जुन्या सायबाला पत्र लिवायचंय. "त्याला काय लिवायचं राह्यलंय?" असं ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता चुलीकडं वळली.

परत आलेलं पत्र घेऊन तो रविवारी आबाजी मास्तरांकडं गेला. मास्तरांनी पस्तीस वर्षं भूगोल आणि इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांना पोरांची आठवण येत नसे, नकाशांची येई, असं ते स्वतःच सांगत. पेन्सिलीच्या यादीवर त्यांनी भिंग धरलं. "फ्रेंच आहे. पोस्टाची भाषा जगभर तीच. हे बघ, हे म्हणजे शहर. ही नदी. ही पण नदी, दुसरी. हे गाव असणार. आणि हा… मठ." मग त्यांनी ट्रंकेतला मोठा नकाशासंग्रह काढला, युरोपचं पान जमिनीवर पसरलं आणि दोघं त्याच्यावर ओणवे झाले. उत्तरेला डोंगरांच्या कुशीत बिस्त्रित्सा नावाचं शहर सापडलं. त्याच्याजवळून वाहणारी बारीक निळी रेघ, तिचंही नाव तेच. डोंगरांच्या पूर्वेला त्याहून मोठी एक नदी वळणं घेत खाली येत होती, तीही बिस्त्रित्सा. दक्षिणेला त्याच नावाचं एक गाव. "मठ नकाशात नसतो," मास्तर म्हणाले, "पण नदीकाठी असेल, नदीचंच नाव घेऊन. आपल्याकडं नाही का? खालापुरात आंबिवली तर्फ तुंगारतन वेगळी, आंबिवली तर्फ वणखळ वेगळी. तर्फ, म्हणजे गाव कुठल्या भागातलं ते, लिहिली नाही तर पत्र बोंबलत फिरतं. तिकडच्या त्या कारकुनाला बिचाऱ्याला तर्फ कळेना." बुधाजी नकाशाकडं पाहत राहिला. नदी, बाजार, देऊळ. तो माणूस काही चांगल्याला चांगलं म्हणत नव्हता. तो सांगत होता, माझं गाव. मग सांगत होता, माझी नदी. आणि आपण डब्यातल्या भाकरीवर बोट ठेवून त्याला विचारत होतो, हे तुझं गाव का?

त्याला आता वाईट वाटायला हवं होतं. बोटाखालच्या त्या कागदावर, चार जागी पसरलेल्या त्या एका नावाकडं बघताना त्याला जे वाटलं ते मात्र निराळंच होतं, आणि ते इतकं हलकं, इतकं गार होतं की ओळखायला वेळ लागला. ती सुटका होती. हा माणूस सापडणार नाही. आपण आपलं काम केलं, शब्दकोश घेऊन बसलो, तिकिटं लावली, सगळं कबूल केलं, आणि आता जगात बिस्त्रित्सा पाच आहेत त्याला आपण काय करणार. शहरातला इलिये म्हणेल मी तो नव्हे, नदीवरचा म्हणेल मी तो नव्हे. बुधाजीनं सवयीनं मनातलं ते जुनं गाव डोळ्यांपुढं आणायला बघितलं, तर ते आता कुठं ठेवायचं ते त्याला कळेना. दगडी घरं उत्तरेला गेली, नदी पूर्वेला, देऊळ दक्षिणेला, आणि तो माणूस मधल्या डोंगरात कुठंतरी उभा राहिला. हरकत नाही, त्याला वाटलं. असू दे तिथंच. त्यानं नकाशाची घडी घालायला हात पुढं केला, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "आत काय लिहिलं होतंस? वाचू? इंग्रजी तपासून देतो, पुढंमागं लागलं तर." बुधाजी हो म्हणाला. एकानं वाचलंच होतं, आता दुसऱ्यानं. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, पहिल्यांदा चष्मा लावून आणि दुसऱ्यांदा, का कोण जाणे, चष्मा काढून. मग त्यांनी एका ओळीवर नख ठेवलं. "हे इथं तू लिहिलंयस, वन लेबर वॉज हर्ट. हा कोण?"

"होता एक. वाडीवरचा."

"त्याला नाव नव्हतं?"

"लडकू."

"आडनाव?"

"मस्टरवर ठाकूर लावायचे. सगळ्यांनाच तेच लावायचे, मास्तर."

"आहे का तो?"

बुधाजीला माहीत नव्हतं. तो सापडणार नाही असंही नव्हतं, फक्त तेरा वर्षांत असं विचारायचं कारण पडलं नव्हतं. "पळसदरीच्या वर कुठंतरी वाडी आहे त्याची," तो म्हणाला. "इथून किती लांब?" मास्तरांनी विचारलं. "सायकलनं घंटाभर." मास्तरांनी पत्राची घडी जशी होती तशी घातली, पत्र लिफाफ्यात सारलं आणि ते आत चहा सांगायला उठले. त्यांनी आणखी काही विचारलं असतं, जरा फैलावर घेतलं असतं, तर बुधाजीला बरं झालं असतं. त्यांनी नकाशासुद्धा तसाच पसरलेला ठेवला.

त्या पत्रात खोटं एक अक्षर नव्हतं. पण चौकशीच्या कागदावर वाक्यं दोन होती आणि पत्रात त्यानं परत घेतलं होतं फक्त पहिलं. पुढचे तीन आठवडे बुधाजी या एकाच गोष्टीभोवती फिरत राहिला. कामावर, जेवताना, दाढी करताना. पहिल्या वाक्यानं त्याला बारा वर्षं टोचलं होतं, आणि दुसरं वाक्य त्यानं दरवर्षी माइकसमोर उभं राहून, हशा येईल अशा बेतानं, मोठ्यानं म्हटलं होतं. ते खोटं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं का? लडकू त्या दिवशी सकाळी त्याच्याच शेजारी बसून भाकरी खात होता. तोंडाला वास असता तर आधी त्यालाच आला असता. पण ते वाक्य खोटं म्हणून कधी त्याच्या मनाला शिवलंच नाही. वाडीवरचा गडी प्यालेला होता, हे कागदावर इतकं सहज बसलं होतं, ऐकणाऱ्यांनी इतक्या सहज मान हलवली होती, की खोटं बोलायला जे थोडंफार बळ लागतं तेही लागलं नव्हतं. पलीकडच्या देशातल्या माणसाला शोधायला त्यानं शब्दकोश आणला, आणि हा माणूस घंटाभरावर होता. जिजानं एकदा विचारलं, "जेवन जात नाय का? काय दुखतंय?" तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. पिनेपासून. ती हातातलं काम थांबवून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुमी मला पन सांगितलं व्हतं ना, तो पिऊन आलता म्हनून. मी चार बायकांत बोललेय ते." मग ती उठून बाहेर गेली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो सकाळी पळसदरीला गेला, धरणाच्या कडेला एका टपरीत सायकल ठेवली आणि पायवाटेनं वर निघाला. खाली शेतांत वाल वाळत आला होता, वर डोंगर पिवळा पडला होता. बोलायचं काय, याची त्यानं चढताना जुळणी केली. माफी हा शब्द आधी घ्यावा की मागून, हे त्याचं ठरेना. पत्रात ते सोपं गेलं होतं. इंग्रजीत तो शब्द छोटा होता आणि त्याचं वजन त्याला माहीत नव्हतं. पाऊण तासानं वाडी लागली. पंधरा-वीस घरं, कुडाच्या भिंती, अंगणं सारवलेली. पहिल्याच अंगणात एक म्हातारा बांबूच्या कामट्या काढत बसला होता. "लडकू कुठं राहतो?" बुधाजीनं विचारलं. म्हाताऱ्यानं कोयता खाली ठेवला. "मीच लडकू." बुधाजीनं त्याच्या पायांकडं बघितलं. दोन होते. "तुमी न्हाई," तो म्हणाला. "दुसरा कुनी?" "दुसरा वरच्या अंगाला. तिसरा पल्याड." म्हाताऱ्यानं कपाळाला आठी घातली. "तुमाला कंचा पायजे? गाईवाला, का दारूतला?"

"दारूतला म्हंजे?"

"प्याला नि कारखान्यात पाय घालवून आला, त्यो."

"तोच," बुधाजी म्हणाला. म्हणजे इथं त्या माणसाला तर्फ मिळाली होती. त्याच्या बापाची नव्हे, घराची नव्हे, पायाचीही नव्हे. कचेरीतला कागद या वाटेनं कधी वर आला असेल, कुणाच्या तोंडून, किती दिवसांत? आणि आता आपणही त्याच नावानं त्याला मागून घेतला. म्हाताऱ्यानं दाखवलेल्या दिशेनं चालताना बुधाजीला पहिल्यांदाच भीती वाटली. चढताना जुळवलेलं सगळं बोलणं जागच्या जागी विरघळून गेलं.

लडकू अंगणात बसून सुपाची कड वेतानं बांधत होता. केस पिकले होते, डाव्या गुडघ्याखाली धोतराचा सोगा दुमडून बांधलेला होता, बाजूला काखेतली कुबडी. त्यानं वर बघितलं, आणि बुधाजीला ओळखायला त्याला एक क्षणही लागला नाही. "मुकादम," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, आनंद नव्हता. घरातून त्याची बायको सोमी बाहेर आली आणि दाराशी उभी राहिली. आत अंधारात कुणीतरी म्हातारी बसलेली होती, तिचे नुसते डोळे दिसत होते. बसा, असं कुणी म्हणालं नाही. बुधाजी उभाच राहिला आणि उभ्यानं बोलला. माफी हा शब्द आधीही आला नाही, मागूनही नाही. "पिन मी आवळली नव्हती," तो म्हणाला. "सायबाची चूक नव्हती. आणि तू प्यालेला नव्हतास. ते मला म्हाईत व्हतं. तरी मी सही केली."

लडकूचे हात वेतावर थांबले. "मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "मी खालून वर बगत व्हतो. पिन फिरत फिरत निसटली. सायब दवाखान्यात आलता, बोटं आशी फिरवून दाखवली त्यानं मला. रडला." मग तो म्हणाला, "मी प्यालो नवतो, हे मी एक साल सांगत व्हतो समद्यांना. मंग सोडून दिलं."

सोमी दारातून पुढं आली होती. ती नवऱ्याकडं बघत नव्हती, बुधाजीकडंच बघत होती, जणू त्याच्या तोंडून अजून काहीतरी पडायचं राहिलंय. "मी याला तेरा सालं बोलतेय," ती सावकाश म्हणाली. "रोज. कामाला गेले नि दमून आले की बोलते. तू त्या दिशी प्याला नसता तर, म्हनून." लडकूनं सूप बाजूला ठेवलं. सोमीनं पदर खोचला आणि घराच्या आत हात केला. "ही याची आय, चिंधी. हिनं तर याच्या हातचं पानी घ्याचं सोडलंय, दारुड्याचं नको म्हनून. हिला ऐकू येत नाय. आता जे बोललाव ना, ते हितं येऊन बोला. मोठ्यान बोला."

बुधाजी उंबऱ्यापाशी गेला. खाली वाकला आणि बोलला. म्हातारीनं कानामागं हात धरला आणि मान हलवली, नाही म्हणून. तो आणखी मोठ्यानं बोलला. तिनं पुन्हा मान हलवली. मग त्यानं छातीत वारा भरून घेतला, आणि सुरक्षा सप्ताहात माइकसमोरही कधी काढला नव्हता तेवढ्या आवाजात तो ओरडला, "तुजा लडकू प्याला नवता! पिन माज्या हातानं राहिली! मी खोटी सही केली!" आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन आला. शेजारच्या अंगणांत माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी एका कुत्र्याला हाकललं. चिंधी म्हातारीनं कानावरचा हात खाली घेतला, बुधाजीला नीट न्याहाळलं, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडं, गोळा होणाऱ्या माणसांकडं बघत, बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाली, "मला ऐकू आलं. खालच्या घरांना नसंल आलं. तिकडं जाऊन सांग."

बुधाजीनं मागं वळून बघितलं तेव्हा लडकूनं कुबडी काखेत घेतली होती. तो त्याच्यासाठी थांबला नाही. खालच्या घरांच्या वाटेला लागला होता, उतारावर जरा घाईनंच, आणि पहिल्या अंगणाशी पोचण्याआधीच तो आतल्या माणसांना हाका मारून बाहेर बोलवत होता.